पिस्तूल सरकारी, हात आपले

सातारा

चि. शर्वरीस,


तुझं पत्र वाचलं. पोलीस अकादमीत नऊ एमएमचं पिस्तूल हातात आलं आणि पहिल्याच आठवड्यात दोन उस्तादांमधला वाद तुझ्या वाट्याला आला. एक म्हणतात, रिकामं मॅगझीन बदललं की उघड्या स्लाइडला अडवणारा खटका अंगठ्याने दाब आणि स्लाइड पुढे जाऊ दे. दुसरे म्हणतात, खटक्याला हातच लावू नको. स्लाइड वरून मुठीत धर, मागे ओढ आणि सोड. त्यात तू डावखुरी. ज्या अंगठ्याबद्दल सगळे बोलतात तो तुझ्या बाबतीत पिस्तुलाच्या भलत्याच बाजूला. आणि खाली तुझा प्रश्न: "मामा, खरं कोणाचं?"

खरं दोघांचंही आहे. पण दोघं वेगवेगळ्या माणसांना शिकवत आहेत, हे त्यांनी सांगितलेलं नाही. पिस्तूल ज्याचं स्वतःचं असतं त्याची पद्धत निराळी आणि सहीवर घेऊन सहीवरच परत करावं लागतं त्याची निराळी. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचं बघ. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूलचं सुवर्णपदक घेतलं. त्या प्रकारातलं .२२ चं पिस्तूल खेळाडूचं स्वतःचं असतं, मूठ त्याच्या तळव्याच्या मापाने कोरलेली असते. फैरी पाच-पाच गोळ्यांच्या असतात, आणि भरणं-रिकामं करणं पंचांच्या हुकमावर चालतं. जलद टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद समोर येतं, ७ सेकंद जातं. तिथे सारा कस त्या ३ सेकंदांत लागतो. मॅगझीन बदलण्याची घाई कुणालाच नसते. तुझी गोष्ट उलटी. आज एक पिस्तूल, बदली झाली की दुसरं, बंदोबस्ताला तिसरंच. म्हणून तुझी मुख्य पद्धत अशी हवी की जी कुठल्याही पिस्तुलावर चालेल.

आधी खटका काय करतो ते समजून घे. मॅगझीनमध्ये गोळ्यांना वर रेटणारी एक पट्टी असते, तिला फॉलोअर म्हणतात. शेवटची गोळी चेंबरमध्ये गेली की ती पट्टी अगदी वर येते आणि स्लाइड स्टॉपच्या, म्हणजे आपल्या खटक्याच्या, आतल्या टोकाला खालून उचलते. शेवटचा बार होतो, स्लाइड मागे जाते, ते टोक स्लाइडच्या खाचेत शिरतं आणि स्लाइड उघडीच राहते. आता नवं मॅगझीन बसवलं की स्लाइड त्या खाचेतून सोडवायची, एवढंच काम उरतं. वाद आहे तो या एवढ्याशा कामाचा.

खटका दाबणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. हाताला फार हलावं लागत नाही, पकड सुटत नाही, नळी लक्ष्यावरून ढळत नाही आणि वेळ वाचतो. एका हाताला इजा झाली असेल तर खटका हाच सोपा मार्ग. ज्या खेळात मॅगझीन बदलण्याचा वेळही मोजला जातो तिथे बहुतेक जण हेच करतात. १९७६ साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी या व्यवहारी नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, स्थापन झाली. तिच्या संस्थापकांतल्या जेफ कूपर यांनी रुळवलेली एक कसोटी आजही घेतात: १० यार्डांवर तीन लक्ष्यं, पाठ फिरवून उभं राहायचं, वळून प्रत्येकावर दोन गोळ्या, मॅगझीन बदलायचं, पुन्हा प्रत्येकावर दोन. बारा बारांच्या बरोबर मधोमध मॅगझीनची बदली ठेवली आहे, ती काय म्हणून हे तुझ्या लक्षात येईल. नेम चांगला असणारे पुष्कळ असतात, बदलीत ते उघडे पडतात.

स्लाइड ओढणाऱ्यांची बाजू अशी. जिवावर बेतलं की बोटांची बारीक कामं बिघडतात, मुठीची कामं टिकतात. बोटाला घाम, पाऊस, हातमोजा काहीही असू शकतं. वर, स्लाइड खाचेपासून थोडी मागे ओढली की स्प्रिंगला जरा जास्त पल्ला मिळतो आणि गोळी जोमाने आत जाते. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मॅगझीन बिघडलं, गोळी अडकली, फुसका राऊंड निघाला, तरी उपाय म्हणून स्लाइड ओढावीच लागते. म्हणजे एकच हालचाल दोन-तीन प्रसंगांना उपयोगी पडते. बोट खटका शोधत बसलं आणि मुळात स्लाइड बंदच असली, तर ते बोट काही करू शकत नाही.

आता पिस्तुलं किती वेगवेगळी असतात ते ऐक. तुझ्या हातात जे नऊ एमएमचं १ए आहे ते पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. त्याचं मूळ बेल्जियमच्या एफएन कंपनीचं ब्राउनिंग हाय पॉवर. जॉन ब्राउनिंग यांनी त्याचा आराखडा सुरू केला आणि त्यांच्या मृत्यूनंतर द्यूदोने सेव्ह यांनी तो पुरा केला. १९३५ साली ते आलं. मॅगझीनमध्ये १३ गोळ्या, खटका आणि सेफ्टी दोन्ही डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. ग्लॉक १७ हे ऑस्ट्रियाचं, तिथल्या लष्करासाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं, १७ गोळ्यांचं. त्याचा खटका चपटा आणि लहान. कंपनी स्वतः त्या भागाला सोडायचा नव्हे तर थांबवायचा खटका म्हणते. वॉल्थर पीपीकेला बाहेर खटकाच नाही; शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहते, पण सोडायची तर मागे ओढूनच. बेरेटा ९२ च्या बहुतेक प्रकारांत सेफ्टी थेट स्लाइडवर. वरून मूठ घालून ओढताना ती नकळत खाली गेली तर पिस्तूल भरलेलं असूनही बार होत नाही. तिथे ओढून झाल्यावर सेफ्टी तपासणं हा सवयीचाच भाग करावा लागतो.

काही पिस्तुलं शेवटच्या गोळीनंतर काहीच सांगत नाहीत. चंद्रशेखर आझादांचं .३२ चं कोल्ट अलाहाबाद संग्रहालयात आहे. ते १९०३ च्या नमुन्याचं. त्याच्या मॅगझीनमध्ये ८ गोळ्या मावतात आणि शेवटची गेली तरी स्लाइड नेहमीसारखी बंद होते. चाप ओढल्यावर नुसती टिक झाली की मगच रिकामं झाल्याचं कळतं. २७ फेब्रुवारी १९३१ ला आल्फ्रेड पार्कमध्ये आझादांनी शेवटची गोळी स्वतःसाठी राखली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या जातीच्या पिस्तुलात शेवटची गोळी कोणती हे झालेले बार मोजणाऱ्यालाच कळतं. तुझं पिस्तूल सांगणारं असलं तरी मोजायची सवय ठेव. सांगणारं पिस्तूलही कधीकधी गप्प राहतं. मॅगझीनची स्प्रिंग थकली, किंवा पकडीतला अंगठा नकळत खटक्यावर टेकला, की स्लाइड उघडी राहत नाही.

आता तुझ्या डाव्या हाताकडे येते गाडी. डाव्या हाताने पिस्तूल धरलं की अंगठा उजव्या बाजूला जातो आणि तर्जनी डाव्या बाजूला चौकटीलगत सरळ पडते. खटका आणि मॅगझीनचं बटण त्याच बाजूला आहे. म्हणजे उजव्या हाताच्या माणसाचा अंगठा जे करतो ते तुझी तर्जनी करू शकते, आणि त्या वेळी ती चापापासून आपोआप दूर राहते. बटण दाबण्यासाठी हे कर, आडकाठी नाही. पण खटक्यावरून घसरलेली तर्जनी चापाच्या कडीत शिरू नये, म्हणून ती नेहमी वरच्या अंगाने यावी आणि वरच्या अंगानेच जावी. ग्लॉकच्या पाचव्या पिढीत, म्हणजे २०१७ पासून, खटका दोन्ही बाजूंना आहे, आणि चौथ्या पिढीपासून मॅगझीनचं बटण बाजू बदलून बसवता येतं. मोह होईल, तरी शस्त्रागारातल्या हत्याराचं बटण फिरवून मागू नको. पुढच्या पाळीला तेच पिस्तूल उजव्या हाताचा माणूस नेणार आहे, आणि त्याला ते ठाऊक नसेल.

स्लाइड ओढताना तुझा उजवा हात उजवीकडून येतो. पुंगळी बाहेर पडायची खिडकीही उजवीकडेच. इतरांची फक्त बोटं त्या बाजूला येतात, तुझा अख्खा तळवा येतो. त्यामुळे हात खिडकीच्या पुरता मागे, जिथे स्लाइडवर उभ्या खाचा आहेत तिथेच बसव. मूठ आवळ, पिस्तूल थोडं पुढे रेट आणि स्लाइड मागे ओढ. पूर्ण मागे गेली की हात झटकन सोडून दे. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवावं तसा हात स्लाइडबरोबर पुढे नेऊ नको. तिचा जोर मोडतो आणि ती शेवटचा अंगुळभर बंद व्हायची राहून जाते. काही जण दोन बोटांच्या चिमटीत मागून धरून ओढतात, गलोल ताणावी तशी. चिमटीला मुठीइतका जोर नसतो आणि घामाने ती सुटते. तू मुठीची पद्धत धर.

पूर्ण क्रम एकदा सलग सांगतो. स्लाइड उघडी दिसली की तर्जनी चापाबाहेर, चौकटीवर. पिस्तूल जवळ आण, पण पोटाशी नको. डोळ्यांच्या किंचित खाली, म्हणजे समोरचंही दिसत राहील. नळीची दिशा सुरक्षितच. बटण दाबताना उजवा हात नव्या मॅगझीनकडे निघालेला असावा. तुझं मॅगझीनचं पाकीट उजव्या कमरेला, गोळ्यांची टोकं पुढच्या दिशेला. मॅगझीन काढताना उजवी तर्जनी त्याच्या पुढच्या कडेवर सरळ ठेव, टोक वरच्या गोळीच्या नाकाजवळ. मग मॅगझीन मुठीच्या तोंडाशी चाचपडत नाही. एक क्षण तोंडाकडे बघायला हरकत नाही. मॅगझीनची मागची सपाट बाजू आत टेकव, सरळ कर आणि तळव्याच्या टाचेने खट् होईपर्यंत वर ठोक. मग स्लाइड. मग पुन्हा पूर्ण पकड. यानंतर चाप ओढायचा की नाही हा निर्णय नव्याने घ्यायचा. हात तिथवर धावत आले म्हणून बोटाने पुढे धावू नये. बदलीच्या आधी समोर जो माणूस होता त्याने एवढ्यात हात वर केलेले असू शकतात.

जोरात मॅगझीन ठोकलं की कधीकधी स्लाइड आपोआप पुढे जाते. नवे लोक त्यावर खूश होतात. त्यावर भिस्त ठेवू नको. कधी गोळी आत गेलेली असते, कधी नसते. तसं झालं तरी स्लाइड ओढायची. एखादा राऊंड बाहेर पडला तर पडू दे, चकमक संपल्यावर उचलता येतो.

आणखी एक फरक. १ए मध्ये मूळ आराखड्यापासूनच अशी सोय आहे की मॅगझीन आत नसेल तर चाप काम करत नाही. त्या सोयीचा तुकडा मॅगझीनच्या पुढच्या अंगावर घासतो, त्यामुळे बटण दाबलं तरी मॅगझीन सुळकन पडेलच असं नाही. हाताने खेचावं लागतं. ग्लॉकमध्ये ही सोयच नाही. चेंबरमध्ये गोळी असेल तर मॅगझीन बाहेर असतानाही बार होतो. वर, ग्लॉक साफसफाईला खोलताना आधी चाप ओढावा लागतो. १ए वर वाढलेला माणूस ग्लॉक हातात घेऊन "मॅगझीन काढलंय, काही होत नाही" म्हणतो, तिथे अपघात तयार असतो. तो माणूस आपल्या कामात कच्चा असतो असंही नाही. त्याचा हात दुसऱ्या पिस्तुलावर पक्का झालेला असतो.

म्हणून रिकामं करण्याचा क्रम सगळ्या पिस्तुलांना एकच: आधी मॅगझीन, मग स्लाइड. उलटं केलंस, तर स्लाइड ओढल्याने चेंबरची गोळी बाहेर पडते, सोडल्यावर मॅगझीनमधली दुसरी आत जाते, मग तू मॅगझीन काढतेस आणि खिशात बाहेर पडलेली गोळी पाहून खुशाल राहतेस. पिस्तूल भरलेलंच असतं. स्लाइड उघडी ठेवून चेंबरमध्ये डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचप. अंधारात बोट जास्त खरं सांगतं.

मॅगझीन बदलण्याचे प्रकार तीन लक्षात ठेव. पहिला वर सांगितला: सगळं संपलं, रिकामं मॅगझीन जमिनीवर. दुसरा, काही गोळ्या शिल्लक असताना, पण पुढे गरज पडणार हे दिसत असताना, घाईने बदलणं. जुनं पडू दिलं जातं. तिसरा, आडोशामागे उसंत मिळाली की अर्धं मॅगझीन काढून खिशात ठेवणं आणि मग पूर्ण भरलेलं बसवणं. काही जण एकाच हातात दोन मॅगझीन धरून ही अदलाबदल करतात. १३ किंवा १७ गोळ्यांची मॅगझीन जाड असतात, तुझ्या हाताला ते जड जाईल. आधी जुनं खिशात, मग नवं. एक-दोन सेकंद जास्त जातात, पण हे काम करायचंच उसंत असताना. बंद स्लाइडखाली काठोकाठ भरलेलं मॅगझीन पुरतं बसायला कुरकुर करतं. ठोकून झालं की खाली खेचून बघ. हातात आलं तर बसलंच नव्हतं.

पुंगळ्या जमा करण्याची शिस्त आपल्याकडे कडक आहे, आणि ती असायलाच हवी. फक्त ती फैर संपल्यावरची. याबद्दल एक गोष्ट तुला कुणीतरी सांगेलच. ५-६ एप्रिल १९७० च्या रात्री कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे महामार्ग पोलिसांचे चार जण मारले गेले. त्यांतल्या एकाने रेंजवरच्या सवयीने रिकाम्या पुंगळ्या खिशात ठेवल्या आणि त्यात वेळ गमावला, असं पुढे जगभरच्या प्रशिक्षणात सांगितलं गेलं. नंतर पुरावे पुन्हा तपासले तेव्हा ही कथा टिकली नाही. धडा चांगला असला की माणसं खरं-खोटं बघत नाहीत. मेलेल्या माणसावर मात्र आळ राहिला. तू धडा घे, आळ पुढे नेऊ नको.

मायामीची हकीकत मात्र नोंदलेली आहे. ११ एप्रिल १९८६ ला एफबीआयच्या आठ जणांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एफबीआयचे दोन जण मारले गेले, पाच जखमी झाले. गॉर्डन मॅक्नील यांच्या हाताला गोळी लागली होती, त्यामुळे त्यांना रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता आलं नाही. एडमुंडो मिरेलेस यांचा डावा हात निकामी झाला होता. त्यांनी पंप शॉटगन एका हाताने चालवली. त्यानंतर एफबीआय रिव्हॉल्व्हरवरून अर्धस्वयंचलित पिस्तुलाकडे वळली. एका हाताने मॅगझीन बदलणं, मागचं साइट पट्ट्यावर किंवा बुटाच्या टाचेवर अडकवून स्लाइड ओढणं, हे सर्कशीचे खेळ वाटतात, पण ते अशा प्रसंगांसाठी आहेत. उस्तादांकडून शिक, डमी राऊंडवर शिक. एकटीने, भरलेल्या पिस्तुलावर कधीही नको. आणि शिकताना खटका विसरू नको. एकच हात उरला की माझा मुठीचा सगळा आग्रह संपतो. तिथे तुझी तर्जनीच कामाला येते.

सरावाची जागा जिथे जिवंत गोळी नाही अशीच हवी. खोलीत नाही, खिशात नाही, बॅगेत नाही. परवानगीने मिळालेलं पिस्तूल, डमी राऊंड आणि समोर गोळी अडेल अशी भिंत. सुरुवातीला इतकं सावकाश कर की प्रत्येक हालचाल मोडून दाखवता येईल. वेग हवा असेल तर फालतू हालचाली काढून टाक: मॅगझीन दोनदा ठोकणं, स्लाइडकडे बघत राहणं, पिस्तूल खाली नेऊन पुन्हा वर आणणं. एवढं गेलं की उरतो तो वेग पुरेसा असतो.

तेव्हा तुझ्या दोन्ही उस्तादांना मान दे. मुख्य पद्धत मुठीची ठेव, जोडीला तर्जनीने खटका दाबायचा सरावही राख. आणि पुढे ठाण्यात रुजू झालीस की प्रत्येक पाळीला हत्यार सहीवर घेताना शस्त्रागाराच्या हवालदाराला चार गोष्टी विचार. हे कोणतं पिस्तूल? खटका कुठे? सेफ्टी कुठे आणि कुठल्या दिशेला? मॅगझीन काढल्यावर बार होतो का? उत्तर मिळालं तरी मॅगझीन काढून, स्लाइड ओढून स्वतः खात्री कर. तो कंटाळेल, दोन शब्द बोलेलही. बोलू दे. सहीचा कागद तुझ्या नावाचा असतो.

ताईने पाठवलेला डबा मिळाला, तिला सांग. डमी राऊंडवरची बदली उजेडात जमली की डोळ्यांवर पट्टी बांधून कर, आणि कुठे अडलीस ते सविस्तर लिही.

तुझा,
मामा